डी-१२ मणक्याला मार लागल्यावर घरी काय करायचं: आधी ‘ताठर की लुळा’ हे ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यातला २९ वर्षांचा तरुण कांदाचाळीचे पत्रे बदलताना १२ फुटांवरून पाठीवर आपटला. डी-१२ मणक्याचा, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्याचा, चुरा झाला. दुसऱ्या दिवशी नाशिकला स्क्रू-रॉड टाकून ऑपरेशन झालं, त्याला आता पाच आठवडे झालेत. कंबरेखाली ताकद नाही, मांडीच्या वरच्या भागाला हात लावलेला कळतो. लघवीची नळी आहे, तीन-चार दिवसांनी एनिमा देतात, माकडहाडावर लाल डाग दिसायला लागलाय. डिस्चार्ज देताना ‘फिजिओ चालू ठेवा’ एवढंच सांगितलं. थोरला भाऊ विचारतोय: तो चालेल का, घरी नेमकं काय करायचं, आणि एका ठिकाणी स्टेम सेलचे काही लाख सांगितलेत, ते करावं का?

स्टेम सेलचं आधी सांगतो, कारण त्यात पैसा अडकतो. करू नका. मज्जारज्जूच्या इजेवर हा सिद्ध झालेला उपचार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ठरावीक रक्ताच्या आजारांचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त परवानगी असलेल्या संशोधन चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. त्यामुळे लाखांचं कोटेशन हातात पडलं की समजायचं, ही चाचणी नव्हे. तोच पैसा मापाची व्हीलचेअर, चांगली गादी, सहा महिन्यांचा फिजिओ आणि संडासाचं दार रुंद करायला लावा.

आता चालण्याचं. ऑपरेशनने मणका स्थिर झाला, हाडाचे तुकडे दाबत होते तो दाब निघाला. मज्जारज्जूची इजा त्याने भरून येत नाही. ती इजा किती, हे एमआरआयवरून नाही, टाचणी आणि कापूस घेऊन केलेल्या तपासणीवरून ठरतं. मांडीच्या वरच्या भागाला कळतं याचा फार आनंद मानू नका आणि दुःखही करू नका. इजेच्या लगतचा तो पट्टा बऱ्याचदा राहतोच. बघायचं ते अगदी खाली, गुदद्वाराभोवती. तिथे स्पर्श किंवा टोचणी कळते का, आत बोट घातल्यावर दाब कळतो का, सांगितल्यावर आवळता येतं का? यातलं काहीच नसेल तर ग्रेड ए, म्हणजे पूर्ण इजा. संवेदना आहे पण ताकद नाही तर बी. इजेखाली काही ताकद असेल तर तिच्या प्रमाणात सी किंवा डी. टोचणी कळत असेल तर ती चांगली खूण आहे. मांडीचा गुडघा सरळ करणारा स्नायू आणि टाच उचलणारा पोटरीचा स्नायू यांत थोडी जरी ताकद दिसली तरी चालण्याची शक्यता बरीच वाढते. डिस्चार्ज कार्डावर ग्रेड लिहिली नसेल (बऱ्याचदा नसतेच) तर आता लिहून घ्या. तीन महिन्यांनी तुलना कशाशी करणार? बहुतेक सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते, त्यापुढे वेग मंदावतो.

डी-१२ च्या बाबतीत मात्र एक वेगळी गोष्ट आहे. मज्जारज्जू एल-१, म्हणजे कंबरेच्या पहिल्या, मणक्याच्या आसपास संपतो. डी-१२ आणि एल-१ च्या पातळीवर त्याचं शेवटचं टोक असतं, ज्यातून लघवी-संडासाच्या नसा निघतात, आणि त्याच्या भोवतीने पायांकडे जाणाऱ्या नसांच्या मुळ्या खाली उतरत असतात. टोकाला झालेली इजा सहसा तशीच राहते. मुळ्या मात्र हातापायांतल्या साध्या नसांसारख्या सावकाश सुधारू शकतात, आणि मांडीतली ताकद कधी आठ-दहा महिन्यांनीही येते. म्हणून याच दुखापतीचे दोन रुग्ण एकमेकांसारखे नसतात, आणि ‘अमक्याचा मुलगा चालायला लागला’ या तुलनेला अर्थ नाही.

घरी नेण्यापूर्वी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो हा: खालचा भाग ताठर आहे की लुळा? इजेच्या खालची मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया जिवंत असेल तर पाय ताठर होतात, स्पर्श केल्यावर आपोआप उडतात, घोटा थरथरतो. मूत्राशय आणि गुदद्वारही स्वतःच्या मर्जीने आवळतात. ती क्रियाच गेली असेल तर सगळं ढिलं, पाय लुळे, गुदद्वार सैल. लघवीची नळी हलकेच ओढल्यावर गुदद्वार आवळतं का, हे डॉक्टर बोटाने एका मिनिटात तपासू शकतात. मार लागल्यावर काही दिवस ते काही आठवडे सगळ्यांचंच अंग लुळं असतं, त्यामुळे ही तपासणी एकदा करून भागत नाही. पाचव्या आठवड्यात बरंचसं कळतं, तिसऱ्या महिन्यात पक्कं. डी-१२ मध्ये मिश्र प्रकारही भेटतो: पाय ताठर, पण संडासाचा मार्ग लुळा. औषधं, लघवीची पद्धत, संडासाची पद्धत, कॅलिपर (पायाला ताठ धरणारा आधार) हे सगळं या एका उत्तरावर फिरतं. लुळ्या पायांना बॅक्लोफेन चालू ठेवलेलं दिसतं, त्याचा उपयोग शून्य आणि झोप तेवढी वाढते. ताठरपणासाठी ते खरंच हवं असेल तर ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असं सुरू करून हळूहळू वाढवतात. कोणत्याही परिस्थितीत एकदम बंद करायचं नाही, झटके येऊ शकतात. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी आणून ठेवा.

पण आज रात्रीपासूनची तातडी त्या लाल डागाची आहे. डागावर बोट तीन सेकंद दाबून सोडा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर दाब काढल्यावर तासाभरात जाईल. पांढरा पडतच नसेल तर तो पहिल्या पायरीचा बेडसोर आहे. आत, हाडाजवळ, वरून दिसतं त्याहून जास्त नुकसान झालेलं असू शकतं. डाग पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर भार शून्य. उताणं झोपवायचं नाही, उजवी कूस, डावी कूस, आणि सर्जनने परवानगी दिली की पालथं. कूस बदलणं दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, मोबाईलवर अलार्म लावून. एकाच माणसावर सगळं टाकू नका, घरातल्यांनी पाळ्या लावा. मणक्यात नुकताच रॉड आहे, म्हणून खांदे आणि कंबर एकदम, एका रेषेत वळवायचे; दोन माणसं लागतात. कुशीवर म्हणजे पूर्ण ९० अंशांत नाही, पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांत, म्हणजे भार खुब्याच्या हाडावर न येता मागच्या मऊ भागावर येतो. दोन गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी, टाचा हवेत. डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा जास्त उचलून बराच वेळ ठेवली की अंग खाली घसरतं, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं मांस सरकतं. बेडसोर दाबाइतकाच या घसरण्याने होतो. ओढून वर घेऊ नका, चादरीसकट उचला.

एअर बेड घ्या, पण तो लावला म्हणजे कूस बदलायची नाही असं नाही. गादीत हवा पुरेशी आहे का हे बघायला माकडहाडाच्या जागी गादीखाली तळहात सरकवा: हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. मेडिकलमध्ये मिळणारी गोल रिंग वापरू नका, ती मधल्या जागेचा रक्तपुरवठा चहूबाजूंनी दाबते. लाल जागेवर मालीश, पावडर, स्पिरिट, हळद काही नको. कातडी फाटलीच तर स्वच्छ करायला नॉर्मल सलाईन. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ. लाल, भरत आलेल्या जखमेवर रोज बीटाडीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की नवीन पेशीही मरतात. काळी खपली, दुर्गंधी किंवा ताप असेल तर घरी प्रयोग न करता सर्जन गाठा.

जखम भरते ती आतून, म्हणून ताटाकडे बघा. ५५ किलो वजनाच्या माणसाला रोज ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच, ग्लासभर दुधात ८, १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ च्या आसपास. घर माळकरी असेल तर ५० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्या एकट्याच २५ ग्रॅम देतात. शेंगदाणे, पनीर, दही त्यात भर घालतात. फळांचे रस आणि नारळपाणी यांवर जखम भरत नाही. हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आता लघवी. नळी कायमची नाही. सलाईन बंद झालंय, तो तोंडाने खातोय-पितोय, दोन्ही हात चांगले आहेत, म्हणजे ठरावीक वेळाने स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं, ज्याला सगळे सीआयसी म्हणतात, त्यासाठी हा उत्तम उमेदवार आहे. कायम ठेवलेल्या नळीने जंतुसंसर्ग, खडे आणि लघवीच्या मार्गाला जखम होते. नळी असेल तोवर ती मांडीला नाही, ओटीपोटाला चिकटवा, नाहीतर लिंगाच्या वाकणात खालून चीर पडते. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. नळीला चिमटा लावून मूत्राशयाला ‘सवय’ लावायचा सल्ला मिळाला असेल तर तो विसरा. मूत्राशय ताणून लघवी उलटी किडनीकडे जाऊ शकते.

सीआयसीची पद्धत नर्सकडून किंवा डॉक्टरांकडून एकदा समोर बसून शिकायची. साधी नेलॅटॉन नळी, पुरुषांना १२ किंवा १४ नंबर. फुगा असलेली फोली यासाठी नाही. हात साबणाने धुवायचे, लिंगाचं टोक साध्या पाण्याने. नळीला आणि मार्गात भरपूर जेली, इथे कंजुषी केली की रक्त येतं. लिंग पोटाकडे उभं ताणून धरायचं म्हणजे वाकण सरळ होते. नळी सावकाश सारत जायची. पंधरा-सतरा सेंटिमीटरवर लघवी अडवून धरणाऱ्या झडपेशी अडेल. जोर न लावता थांबायचं, दीर्घ श्वास घ्यायचा, सैल पडली की पुढे सारायची. लघवी सुरू झाली की आणखी दोन-तीन सेंटिमीटर आत. धार थांबली की नळी थोडी थोडी मागे घेत थांबायचं, तळाला उरलेली लघवी अशीच येते, आणि संसर्गाला कारण बहुतेक वेळा ती उरलेली लघवीच असते. एक नळी एकदाच वापरणं सर्वांत चांगलं. परवडत नसेल तर वापरल्याबरोबर साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुऊन, स्वच्छ पाणी सोडून, झटकून, पूर्ण वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवा. आठवड्याने, किंवा नळी कडक वा खरखरीत झाली की त्याआधीच, फेकून द्या. ओली नळी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणं ही सर्वांत वाईट सवय.

वेळ घड्याळावर: दिवसातून पाच ते सहा वेळा, सुरुवातीला दर चार तासांनी. एका वेळी निघणारी लघवी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या पुढे जाता कामा नये. जात असेल तर नळीच्या वेळा वाढवा, पाणी तोडू नका. पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, थोडं थोडं, रात्री आठनंतर फक्त घोट-दोन घोट. एप्रिल-मे मध्ये निफाडच्या उन्हात हेच गणित बदलतं, पाणी जास्त लागतं; बदल वहीत दिसू दे. वहीत चार रकाने: वेळ, प्यायलेलं, आपोआप गळलेलं, नळीने निघालेलं. एक आठवड्याची अशी वही डॉक्टरांसमोर ठेवली तर अर्धा निर्णय तिथेच होतो.

इथे पुन्हा ताठर-लुळा येतं. ताठर मूत्राशय थोडं भरलं तरी आवळतं, झडप त्याच वेळी बंद असते, आतला दाब वाढतो आणि तो किडनी खराब करतो. त्याला सैल करायला सॉलिफेनॅसिन, टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन यांपैकी औषध लागतं. कंडोम लावून नुसतं गळू दिलं तर बाहेर सोय होते, आत दाब तसाच राहतो. लुळ्या मूत्राशयाला ही औषधं सहसा नको असतात, बद्धकोष्ठ तेवढं वाढवतात. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रकार दोन्हींत टाळावा. डी-१२ मध्ये वरून अंदाज चुकतो, म्हणून तिसऱ्या महिन्याच्या सुमारास युरोडायनॅमिक्स (मूत्राशयातला दाब मोजणारी तपासणी) करून घ्या. आणि एक पक्कं: नळी वापरणाऱ्याच्या लघवीत कल्चर केलं की जंतू सापडतातच. ताप, थंडी, नव्याने गळणं, पायांचे झटके वाढणं यांपैकी काही नसेल तर नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक घेऊ नका. दर महिन्याला गोळ्या घेणाऱ्यांवर वर्षभरात साधी औषधं चालेनाशी होतात आणि मग इंजेक्शनसाठी भरती व्हावं लागतं.

तीन दिवसांनी एनिमा ही पद्धत बंद करायची. मार्ग ताठर असेल तर ठरलेल्या वेळी, सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी, १० मिलिग्रॅमची बिसाकोडिल सपोझिटरी गुदद्वारात, शीमध्ये न खुपसता आतल्या भिंतीला टेकवून ठेवायची. पंधरा-वीस मिनिटांनी हातमोजा आणि जेली लावलेलं बोट आत घालून पंधरा-वीस सेकंद हळू गोल फिरवायचं, की मार्ग आपोआप सैल होऊन आतडं ढकलतं. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. एक दिवसाआड केलं तरी चालतं, वेळ मात्र तीच. मार्ग लुळा असेल तर बोट फिरवून काही होत नाही, कारण प्रतिक्षिप्त क्रियाच नाही. तिथे रोज, काहींना दोनदा, बोटानेच शी काढावी लागते, डाव्या कुशीवर किंवा कमोडवर. ऐकायला कसंतरी वाटतं, सवयीने दहा मिनिटांचं काम होतं, आणि हात चांगले असल्याने हा तरुण ते स्वतः शिकू शकतो. लुळ्या मार्गाला शी जरा घट्ट हवी; जुलाबाचं औषध जास्त झालं की दिवसभर गळत राहते. चार दिवस साफ नाही आणि मग पातळ शी सुरू झाली तर जुलाब समजून औषध देऊ नका, वर गोळा अडकलेला असतो आणि कडेने पाणी झिरपतं. प्यायला पाणी मोजकं असताना इसबगोल भरपूर दिलं तरी असाच गोळा होतो. कमोडचं सीट गादीचं असू द्या, कडक सीटवर पाऊण तास बसवून बेडसोर आणणारी घरं कमी नाहीत.

व्यायामाकडे येऊ. ‘फिजिओ’ म्हणजे कोणीतरी येऊन वीस मिनिटं पाय हलवून जाणं, हा समज आधी सोडा. पाय हलवल्याने सांधे मोकळे राहतात, नस उगवत नाही. ते दिवसातून दोनदा घरातलं कोणीही करू शकतं: घोटा वर, गुडघा, खुबा, प्रत्येक हालचाल सावकाश दहा वेळा, जोर न लावता, कारण इजेखालची हाडं महिन्यागणिक ठिसूळ होत जातात आणि जोरात मुरगाळल्याने मांडीचं हाड मोडलेलं दुखत नाही म्हणून कळतही नाही. खुबा पुढे आखडू नये म्हणून पालथं झोपणं रोज वीस-तीस मिनिटं. रॉड असल्याने परवानगी सर्जनकडून लेखी घ्या, कंबरेचा पट्टा किती महिने आणि वाकण्या-वळण्याची बंधनं कोणती तेही त्याच कागदावर.

फिजिओथेरपिस्टकडून शिकायचं ते वेगळंच. कुशीवर स्वतः वळणं, पाय लांब करून हात न टेकता बसणं, दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर हात ठेवून कुल्ला उचलणं. आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या. मग पलंगावरून खुर्चीत. ब्रेक लावा, पलंगाकडचा हाताचा दांडा काढा, खुर्ची थोडी तिरकी, पावलं जमिनीवर. डोकं ज्या बाजूला झुकेल त्याच्या उलट बाजूला कुल्ला जातो. ही गोष्ट एकदा अंगवळणी पडली की ताकद निम्मी लागते. सुरुवातीला साधारण ७० बाय २२ सेंटिमीटरची गुळगुळीत घासलेली फळी मध्ये ठेवतात. नुसत्या उघड्या कातडीने तिच्यावरून घासत जायचं नाही. सम उंचीवर जमलं की चढ-उतार, आणि शेवटी जमिनीवरून खुर्चीत. आपल्याकडे पंगत, पूजा, मळ्यातला ओटा, सगळं जमिनीवर असतं, त्यामुळे हा शेवटचा टप्पा सोडून घरी परतणं म्हणजे अर्धं शिक्षण.

पहिल्या-पहिल्यांदा बसवल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. पोटाला पट्टा, पायांना घट्ट मोजे, डोक्याकडची बाजू टप्प्याटप्प्याने वर. चक्कर आली तर खुर्ची मागे कलती करायची, उचलून पुन्हा पलंगावर टाकायचं नाही. बसायची सवय अर्ध्या तासापासून वाढवायची, आणि माकडहाडाबरोबर आता बसायच्या दोन्ही हाडांवरची कातडी आरशाने रोज तपासायची. दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे, मांड्यांवर छाती नेऊन, दोन मिनिटं झुकून राहायचं (पट्टा आणि वाकण्याची मनाई असेपर्यंत डावी-उजवीकडे रेलणं, तेही विचारून). हातावर पाच-दहा सेकंद उचलण्याने रक्तपुरवठा पुरेसा परत येत नाही आणि खांदे लवकर झिजतात. हेच खांदे आता पायांचं काम करणार आहेत.

हॉस्पिटलातली सगळ्यांना बसणारी जड खुर्ची घेऊ नका. सीटची रुंदी कुल्ल्यांच्या रुंदीपेक्षा फक्त अडीच सेंटिमीटर जास्त. खोली कुल्ल्यापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतच्या मापापेक्षा तीन-पाच सेंटिमीटर कमी. पायदान जमिनीपासून पाच सेंटिमीटर वर. चाकाच्या माथ्यावर हात ठेवल्यावर कोपर साधारण १०० ते १२० अंशांत यावं. रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो आणि वर्षभरात पाठीला बाक येतो. निफाडच्या काळ्या मातीत पुढची लहान कडक चाकं रुततात, म्हणून आठ इंची पुढची चाकं निवडा. गादी सपाट स्पंजची नको, निदान दहा सेंटिमीटर जाड आणि जास्त घनतेची, जमल्यास हवेची. घराच्या दाराला निदान ८० सेंटिमीटर मोकळी जागा, आणि उतार एकास बारा: १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांब. गवंडी याच्या निम्म्यात भागवतो आणि मग खुर्ची मागे उलटते.

उभं राहणं तिसऱ्या महिन्यानंतर, सर्जनने मणका जुळला असं सांगितल्यावर. गुडघा स्वतःच्या ताकदीने सरळ राहत असेल तर घोट्यापुरता आखूड कॅलिपर पुरतो. नसेल तर मांडीपर्यंतचे दोन कॅलिपर आणि वॉकर. त्यावर पाय झुलवत चालता येतं, पण साध्या चालण्याच्या कितीतरी पट दम लागतो, आणि हे कॅलिपर घेणारे बरेच जण वर्षभरात ते माळ्यावर टाकून खुर्चीवरच फिरतात. तो आळस नसतो, साधा हिशोब असतो. नवीन कॅलिपर पहिल्या दिवशी वीस मिनिटं घालून काढा, कातडी बघा, मग वेळ वाढवा.

पायाला समजत नाही म्हणून भाजणं हा नाशिक जिल्ह्यातला हिवाळ्याचा ठरलेला अपघात आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पार खाली जातो, लोक शेकोटीजवळ पाय सोडून बसतात, पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवतात, आणि सकाळी फोड दिसतात. शेकोटीपासून लांब, पिशवी अजिबात नाही. आंघोळीचं पाणी हाताच्या कोपराने बघा. मांडीवर गरम ताटली नको, दुचाकीवर बसवाल तर सायलेन्सर लक्षात ठेवा.

एक पाय अचानक सुजला, दोन पोटऱ्यांच्या घेरात दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर चोळू नका, हलवू नका, त्याच दिवशी डॉपलर (पायाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करा. पहिल्या तीन महिन्यांत पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जातो. रक्त पातळ करणारं इंजेक्शन सहसा निदान आठ आठवडे देतात. डिस्चार्जला ते थांबवलं की चालू आहे हे आजच विचारा. डॉपलर साफ असेल तर खुब्याभोवती नको तिथे हाड तयार होणं किंवा न कळलेलं फ्रॅक्चर, यासाठी एक्स-रे. वर्षा-दोन वर्षांनी बधिरपणा वर सरकायला लागला, नवीन दुखणं सुरू झालं तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झालीय का हे बघायला एमआरआय लागतो.

डी-१२ च्या माणसाला सहसा नसतो, पण डी-६ किंवा त्याहून वर इजा असलेल्यांना एक धोका असतो आणि तो ओळखला जात नाही, म्हणून त्यांच्यासाठी: अचानक ठणकणारं डोकं, चेहरा लाल, वरच्या अंगाला घाम, आणि एरवी ९०-१०० असणारा वरचा बीपी १३०-१४० किंवा जास्त. त्याला आडवं करू नका, ताबडतोब बसवा, पाय खाली, पट्टे-कपडे सैल. लघवीची नळी मुडपली-तुंबली आहे का बघा, नळी लावलेलीच नसेल तर जेली लावून घाला; तरी उतरत नसेल तर संडास अडकलंय का. बीपी दर दोन-तीन मिनिटांनी. कारण निघालं की बहुतेक वेळा तो आपोआप उतरतो. १५० च्या वर टिकला तर हॉस्पिटल, आणि तिथे मज्जारज्जूची इजा आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

तरुण २९ वर्षांचा आहे. संबंध, मूल याबद्दल तो भावासमोर विचारणार नाही, म्हणून डॉक्टरांकडे त्याला एकट्याला दहा मिनिटं बसू द्या. लिंगाला ताठरता येण्यासाठी सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या अनेकांना लागू पडतात (नायट्रेटचं औषध सोबत कधीच नाही). वीर्य बाहेर येत नसेल तरी ते काढून मूल होऊ शकतं. जेवण तुटलं, बोलणं बंद झालं, रात्ररात्र जागाच असेल तर त्यालाही औषध आणि समुपदेशन आहे.

कागदांचं म्हणाल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. डिस्चार्ज कार्ड, एमआरआय आणि ग्रेड लिहिलेला कागद सोबत न्या. त्या कार्डावर पुढे संजय गांधी निराधार योजना आणि एडिप या केंद्राच्या साहित्य-मदत योजनेतून खुर्ची-तीनचाकीसाठी अर्ज करता येतो. काही आठवडे राहून सगळं शिकायचं असेल तर मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे. जखम असलेल्या रुग्णाला व्यायाम फारसा करता येत नाही, म्हणून तो डाग आधी घालवा. तपासण्या अशा: तिसऱ्या महिन्यात ग्रेड, युरोडायनॅमिक्स, मणक्याचा एक्स-रे, सहाव्या महिन्यात पुन्हा ग्रेड, व्हिटॅमिन डी, आणि पुढे दरवर्षी किडनी-मूत्राशयाची सोनोग्राफी व क्रिएटिनिन, काही त्रास नसला तरी.